झरणीच्या पाण्यात

बीदरला जायचं ठरलं ते बीदर बघायला म्हणून नव्हे. सासूबाईंना एक गोष्ट सांगायची होती आणि हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या आमच्या घरात ती सांगायला आम्हां नवरा-बायकोला काही केल्या जमत नव्हतं. घरात सतत कोणी ना कोणी असायचं. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू काकू कढीपत्ता मागायला वर आल्या की तासभर बसायच्या, भजनाच्या बायका यायच्या, आणि कोणी नसलं तर सासूबाईच पिशवी घेऊन कोठीच्या बाजाराकडे निघालेल्या असायच्या. शेवटी नवरा म्हणाला, "रविवारी कुठंतरी लांब जाऊ. दिवसभर एकत्र असू. निवांत जागा बघून सांगून टाकू."

"कोण सांगणार?"

"मी. माझी आई आहे."

सांगायचं होतं ते असं. माझी आई पुण्यात एकटी राहत होती. तिला कंपवात आहे. मी एकुलती एक. दिवसा सांभाळायला एक बाई होत्या, पण दिवाळीनंतर आई न्हाणीघरात पडली आणि तेव्हापासून हैदराबादेत माझं कशातच लक्ष लागेना. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात बदली मागितली, ती मिळाली. नवऱ्याचं काम बहुतेक घरूनच चालायचं. उन्हाळ्यात दोघांनी पुण्याला राहायला जायचं, हे आम्ही ठरवून टाकलं होतं. सासूबाईंनीही यावं अशी आमची इच्छा होती, पण त्या येणार नाहीत हेही आम्हांला माहीत होतं. सुलतान बाजारात जन्म, चिक्कडपल्लीत सासर, सत्तरीपर्यंतचं सगळं आयुष्य त्या दोन ठिकाणांच्या मधल्या रस्त्यांवर गेलेलं. घरात मराठी, जिन्यात तेलुगू, बाजारात दखनी उर्दू. पुण्यात त्या एकदा चार दिवस राहिल्या होत्या. तेव्हा म्हणाल्या होत्या, "तिथं भाजीवालासुद्धा शुद्ध बोलतो गं. भांडताच येत नाही."

रविवारी उजाडायच्या आत त्या तयार होऊन सोफ्यावर बसल्या होत्या. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चहाचा थर्मास, आणि एका पिशवीत जास्तीची साडी.

"साडी कशाला, आई?" मी विचारलं.

"असू दे. वाटेत काय होईल सांगता येतं का?"

त्या पुढे बसल्या, मी मागे. पटांचेरू मागे पडेपर्यंत त्या बाहेर बघून बोलत राहिल्या. इथं आधी द्राक्षाचे मळे होते, इथं आता नुसत्या बिल्डिंगा, इतक्या घरांत राहायला माणसं कुठनं येतात. मी हं, हं करत होते. माझा फोन मांडीवर होता. पुण्याच्या बाईंचा फोन रोज सकाळी यायचा, त्या दिवशी येईना. मी केला तर उचलला जाईना. समोरच्या आरशातून नवरा माझ्याकडे बघायचा. आता सांगू का, असं त्याच्या डोळ्यांत असायचं. मी मान हलवायची. इतक्या सकाळी नको.

सदाशिवपेटच्या पुढे रस्त्याकडेच्या हॉटेलात आम्ही इडली खायला थांबलो. नवऱ्याने घसा साफ केला. "आई, एक बोलायचं होतं."

"आधी त्याला सांग चटणी आण म्हणून. ही कोरडी इडली आहे, चटणीशिवाय उतरत नाही," त्या म्हणाल्या आणि स्वतःच वेटरला तेलुगूत हाक मारली. वेटर आला, त्याचं गाव कुठलं, लग्न झालं का, आई-बाप कुठं असतात, सगळं त्यांनी विचारून घेतलं. तो म्हणाला, आई-बाप गावाकडे, तो इथं. त्यावर त्या "फोन करत जा," म्हणाल्या. नवरा हात धुवायला उठून गेला.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. आईने रात्रभर झोप घेतली नव्हती, आता झोपली होती, म्हणून बाईंनी फोन उचलला नव्हता. मी हॉटेलच्या बाहेर जाऊन बोलले. परत आले तर सासूबाई माझी थंड झालेली इडली बदलून घेत होत्या.

जहिराबादनंतर माती लाल झाली. तुरी कापून शेतात पेंढ्या उभ्या केल्या होत्या. उसाने भरलेले ट्रॅक्टर मधेच रस्ता अडवायचे आणि नवरा हॉर्न वाजवायचा. एरवी तो इतका हॉर्न वाजवत नाही.

बीदरच्या किल्ल्यात आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तट प्रचंड आहे, खंदक खडक कापून केलेला, आणि आत गेलं की मैलभर मोकळी जागा. इथं सांगता येईल असं मला वाटलं. रंगीन महालाला कुलूप होतं. पहारेकऱ्याने सासूबाईंचं दखनी बोलणं ऐकून आपण होऊन दार उघडलं, आणि भिंतीत बसवलेले शिंपल्यांचे तुकडे दाखवले. काळ्या दगडात ते पांढरे वेलबुट्टे अजून चमकत होते. मी बघितलं आणि दुसऱ्या क्षणी फोन बघितला. नवरा खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता. सासूबाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "झालं? चला पुढं."

सगळीकडे तसंच झालं. त्यांना एका जागी थांबायचंच नव्हतं. किल्ल्यातल्या मशिदीच्या खांबांमधून त्या तरातरा चालत गेल्या, तटावर चढल्या, उतरल्या. आम्ही मागे. नवरा दोनदा बोलायला लागला आणि दोन्ही वेळा त्या पुढे निघून गेलेल्या होत्या. दुसऱ्या वेळी तो माझ्यावरच चिडला. "तू सारखा फोन बघत असलीस तर मला कसं सुचणार?"

"माझ्या फोनचा काय संबंध?"

"संबंध आहे. तू फोन बघितलास की मला वाटतं, तिकडे काहीतरी झालंय."

आम्ही हळू आवाजात भांडत होतो आणि त्या वरून, बुरुजावरून, हात करून बोलावत होत्या.

जेवण झालं अष्टूरला, बादशहांच्या कबरींच्या आवारात, चिंचेच्या सावलीत. तिथला एक घुमट वीज पडून अर्धा उडालेला आहे. उरलेला अर्धा तसाच उभा आहे, आतून उघडा, भिंतीची जाडी दिसावी असा. दशम्या खाताना सासूबाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. कोणी नव्हतं. लांब शेतात पाण्याची मोटार चालू होती, तेवढाच आवाज. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. हो, आता.

"आई," तो म्हणाला, "तुला एकटीला राहायला लागलं तर..."

"आता आपण झरणीला जायचं," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याचं ऐकलंच नव्हतं, किंवा ऐकलं असेल, मला आजही सांगता येत नाही. "नरसिंह झरणी. ती बघितल्याशिवाय मी परत जाणार नाही."

झरणी म्हणजे डोंगराच्या पोटात कोरलेलं भुयार. त्यातून पाणी वाहतं, छातीइतकं. त्या पाण्यातून चालत शेवटपर्यंत गेलं की नरसिंहाचं दर्शन होतं. वर छताला वटवाघळं लटकलेली असतात. नवऱ्याने हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवलं आणि म्हणाला, "आई, तू काही आत जायचं नाहीस. पाय घसरला तर?"

"लग्न झाल्यावर आम्ही सगळे आलो होतो," त्या मला सांगू लागल्या, त्याला नव्हे. "माझे सासू-सासरे, दीर, नणंदा, तुझे सासरे. सगळे आत गेले. मला म्हणाले, तू नवी आहेस, तू बाहेर बस, कपडे आणि चपला सांभाळ. मी बसले. सगळे ओलेचिंब हसत हसत बाहेर आले. मी कपडे वाटले." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आज मी जायलेय आत. चपला हा सांभाळेल."

जास्तीची साडी कशाला होती ते मला तेव्हा कळलं.

मी त्यांच्याबरोबर गेले, कारण नवरा वटवाघळांना घाबरतो. हे त्याने कबूल केलं नाही, पण पिशव्या घेऊन तो मुकाट्याने कठड्यावर बसला. माझा फोनही त्याच्याकडेच द्यावा लागला. सकाळपासून पहिल्यांदा तो माझ्या हातात नव्हता आणि मला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

पायऱ्या उतरून पाण्यात पाय टाकला तर पाणी कोमट होतं. सासूबाईंनी पदर कमरेला खोचला आणि माझं मनगट धरलं. पुढे-मागे माणसांची रांग होती, कानडी, तेलुगू, मराठी, कडेवर लेकरं घेतलेले बाप. भुयार इतकं अरुंद, की जाणारे आणि येणारे एकमेकांना घासत होते. आत दिवे लावलेले होते. छताला काळे झुबके होते, त्यांची सतत चुळबुळ चालू होती, आणि एक उग्र वास. पाणी गुडघ्याचं कमरेला आलं, कमरेचं छातीला. त्या माझ्याहून चांगल्या वीतभर बुटक्या आहेत. त्यांच्या हनुवटीला पाणी लागलं तेव्हा मी म्हणाले, "आई, परत फिरू या."

"उगी चल," त्या म्हणाल्या.

मधेच रांग थांबली. पुढे दर्शनाच्या जागेत माणसं मावत नव्हती. आम्ही पाण्यात उभ्या राहिलो. मागून लोक येतच होते. माझ्या पाठीला कोणाचं तरी ओझं टेकलं. आणि मग दिवे गेले.

काळोख झाल्याबरोबर सगळे ओरडले, "गोविंदा, गोविंदा!" त्या आवाजाने वटवाघळं उठली. काहीतरी माझ्या केसांना लागून गेलं. मला श्वास घेता येईना. भुयाराच्या दोन्ही भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. पुण्यात आई न्हाणीघरात पडून कितीतरी वेळ तशीच पडून होती, ती अशीच अंधारात पडली असेल का, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं आणि जाईना. मी सासूबाईंचा दंड दोन्ही हातांनी घट्ट पकडला.

"आई, आम्ही पुण्याला चाललोय. कायमचे. उन्हाळ्यात."

मी हे का म्हणाले ते मला ठाऊक नाही. ठरवून म्हणाले नाही. तोंड उघडलं श्वास घ्यायला आणि ते शब्द बाहेर पडले.

अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त माझ्या पकडीतला त्यांचा दंड कडक झाल्याचं जाणवलं. मग त्यांनी माझा एक हात सोडवला आणि तो भिंतीवरच्या लोखंडी कठड्यावर ठेवला.

"इथं धर," त्या म्हणाल्या. "आणि पुढं बघ."

दिवे आले. लोक हसले. रांग सरकली. शेवटी ओल्या दगडात कोरलेला नरसिंह होता, शेंदूर फासलेला. पुजाऱ्याने घाई केली. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले, इतका वेळ, की मागचे लोक कुरकुरले. परत येताना त्या माझ्या पुढे होत्या आणि एकदाही मागे वळल्या नाहीत.

बाहेर नवरा उभा राहून वाटच बघत होता. "कसं झालं?"

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या आणि कपडे बदलायला गेल्या.

"मी सांगितलं," मी नवऱ्याला म्हणाले.

"कुठं?" त्याला काही कळेना. मग कळलं. "आत? पाण्यात?"

मला थंडी वाजत होती. मी त्याच्या हातातला माझा फोन घेतला. कोणाचाच फोन आलेला नव्हता.

परतताना सासूबाई मागे बसल्या. सकाळपासून त्या पुढे बसत होत्या. बीदर मागे पडलं, तेलंगणाची हद्द लागली. नवऱ्याने रेडिओ लावला, बंद केला, काच खाली केली, वर केली. जहिराबादच्या अलीकडे मागून आवाज आला, "गाडी थांबव."

"काय झालं? मळमळतंय का?"

"थांबव म्हणाले ना."

त्याने गाडी कडेला घेतली. त्या उतरल्या आणि हैदराबादच्या दिशेने चालू लागल्या. रस्त्याच्या कडेने, ताठ, भराभर. केस अजून ओले होते. शेजारून उसाचे ट्रॅक्टर जात होते. नवरा म्हणाला, "जा ना तू," आणि मी उतरून धावत त्यांना गाठलं. तो मागून गाडी रखडत आणत राहिला.

"आई, ऊन उतरलंय, पण गाड्या जोरात आहेत."

"बोलू नको. मला चालू दे."

मी त्यांच्या बाजूने चालत राहिले. बरंच पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "त्याला तोंड नव्हतं का?"

"तो सकाळपासून सांगणार होता."

"सकाळपासून?" त्या थांबल्या. "म्हणजे त्यासाठी आणलं मला? मला वाटलं, मला फिरवायला आणलं."

त्या पुन्हा चालू लागल्या.

"तुझ्या आईला हाताने भरवावं लागतं का आता?"

"कधी कधी. चमच्यातलं सांडतं."

"मग तू गेलंच पाहिजे. तुझ्याशिवाय कोण आहे तिला? पण त्याचं तिथं काय काम आहे?"

"आई, तो माझा नवरा आहे."

"माझा मुलगा आहे." त्यांचा आवाज चढला. "मी ठणठणीत आहे म्हणून मला सोडून जायचं का? माझे हातपाय थरथरायला लागले म्हणजे मग याल का तुम्ही?"

मला राग आला. खूप आला. तुम्हांला इथं सगळी गल्ली ओळखते, माझ्या आईच्या शेजारी कोण राहतं ते तिला माहीतसुद्धा नाही, असं काहीतरी मी मोठ्याने बोलले. तुम्ही चला ना बरोबर, असंही म्हणाले. त्या म्हणाल्या, "मी येऊन काय करू? खिडकीत बसू?" आम्ही दोघी हायवेच्या कडेला उभ्या राहून भांडत होतो, आणि पेरू विकायला बसलेली एक बाई टोपली सोडून आमच्याकडे बघत होती. नवरा गाडीतून उतरला होता, पण जवळ येत नव्हता.

तेव्हा फोन वाजला. पुण्याच्या बाईंचा. आई उठली होती आणि माझ्याशी बोलायचं म्हणत होती. मी फोन कानाला लावला. पण रडू फुटल्यामुळे मला बोलता येईना. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"विहीणबाई, मी बोलायलेय," त्या ट्रकांच्या आवाजावरून ओरडल्या. "हौ, हैदराबादहून. नाही, रस्त्यात आहोत. ऐका तर. मी झरणीत जाऊन आले आज! पाणी इथपर्यंत आलं होतं, हनुवटीपर्यंत! तुमची लेक केवढी घाबरली, माझा हात पिळून काढला तिने."

मग त्या ऐकत राहिल्या. आईचा आवाज आता बारीक झालाय, शब्द एकमेकांत मिसळतात. फोनवर तिचं बोलणं कळायला कान लावून बसावं लागतं. सासूबाईंनी दुसऱ्या कानावर हात ठेवला होता आणि डोळे मिटले होते. "हं," त्या म्हणत होत्या. "हं. हो. नाही हो, तसं काही नाही."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, मुलीला बोलावलं नाही मी. तीच यायलीय." त्यांनी फोन मला दिला. "आणि हसली. तू घाबरलीस असं मी म्हणाले ना, त्यावर हसली."

त्यांनी त्या बाईकडून पेरू घेतले, भाव करून, दखनीत. मग गाडीत येऊन पुढे बसल्या. नवऱ्याने गाडी चालू केली. "आई," तो म्हणाला.

"तू गाडी चालव."

त्या दिवशी त्यापुढे मायलेकांचं बोलणं झालं नाही. पुढचे कितीतरी दिवस त्या त्याच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. माझ्याशी मात्र बोलायच्या, आणि तेही पुण्याचंच. आईला काय चालतं, काय गिळता येतं, खुर्ची कशी असावी. कोठीतल्या एका दवाखान्यात जाऊन त्या कंपवाताची माहिती विचारून आल्या. एका सकाळी भाजी निवडताना म्हणाल्या, "तू पुढं जा. हा अर्धा महिना तिथं, अर्धा महिना इथं राहील. त्याला सांग, मी सांगितलंय म्हणून." मला ते पटलं नाही. माझा नवरा मला वाटून घ्यायचा नव्हता. पण दुसरं काही कोणालाच सुचलं नाही.

आता तसंच चाललंय. मी पुण्यात असते. नवरा रात्रीच्या बसने येतो, जातो. त्याची एक बॅग कायम भरलेलीच असते. इथं असला की तिकडे फोन करतो, तिकडे असला की इकडे. मीही इथून तिकडे फोन करत असते. कोणत्याही घरात निवांत बसलोय असं मला बऱ्याच दिवसांत वाटलेलं नाही.

सासूबाई दोनदा येऊन गेल्या. आईच्या खुर्चीजवळ खुर्ची ओढून बसतात, तिला हैदराबादच्या गोष्टी सांगतात, तिचा चमचा सरळ करतात. आई त्यांच्याशी बोलते तितकी माझ्याशी बोलत नाही. पण चौथ्या-पाचव्या दिवशी त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहतात आणि मला ओळखू येतं. मी त्यांचं तिकीट काढते.

परवा त्यांचा फोन आला. भजनाच्या बायका मिळून नागार्जुनसागरला निघाल्या होत्या, टेम्पो ठरवून, पहाटेच. मागे गलका चालला होता.

"त्याला आत्ताच सांगू नको," त्या म्हणाल्या. "परत आले की मीच सांगेन." आणि मग तेलुगूत कोणावर तरी ओरडल्या, खिडकीची जागा त्यांची होती म्हणून.